सर्व्हरचं मॅनेजमेंट कार्ड मेलंय बहुतेक, बदलू का आहे तसंच रेटू?

इचलकरंजी_आयटी
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या.

सूतगिरणीत आयटी बघतो, आयटी म्हणजे मी एकटाच, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच हाक. एक टू-यू (म्हणजे रॅकमधल्या दोन खणांच्या उंचीचा) रॅक सर्व्हर आहे, २०१७ ला घेतलेला, दोन झिऑन प्रोसेसर, वॉरंटी कधीच संपली. त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनमध्ये अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि आत तीन व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, ईआरपी, टॅली आणि हजेरीचं सॉफ्टवेअर. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, नायतर इथं कुठला ब्रँड भारी यावरच चार पानं भरतील.

मंगळवारी लाईट गेली, यूपीएसनं पण मान टाकली (बॅटऱ्या बदला म्हणून दोन वर्षं कागद फिरवतोय, असो). लाईट आल्यावर मशीन चालू केलं तर सगळे फॅन फुल स्पीडला, बंद व्हायचं नावच नाही, रिंग फ्रेमच्या खात्यात उभं असल्यासारखं वाटतंय. मॉनिटरवर डिस्प्ले येतो, मग बीएमसी (सर्व्हरवर लक्ष ठेवणारा आतला छोटा वेगळा कॉम्प्युटर, म्हणजेच मॅनेजमेंट कार्ड) नॉट रिस्पॉन्डिंग असं काहीतरी लिहून पाचेक मिनिटं तसंच थांबतं आणि मग पुढं बूट होतं. एकदा बूट झालं की व्हीएम सगळे मस्त चालतात. पण मॅनेजमेंटचा जो वेगळा लॅन पोर्ट आहे त्याला पिंग नाही, वेब पेज नाही, पोर्टचा दिवा पण लागत नाही. लिनक्समधून आयपीएमआयटूल (बीएमसीशी बोलायची कमांड) चालवलं तर डेव्ह आयपीएमआय झिरो ही बीएमसीची डिव्हाइस फाईल उघडताच येत नाही म्हणतंय.

या मॉडेलला बीएमसी मदरबोर्डवर नाहीये, तळहाताएवढं वेगळं कार्ड आहे, मागच्या बाजूला कनेक्टरवर बसलेलं, दोन स्क्रू. इथला एक सप्लायर म्हणतो पूर्ण मदरबोर्डच बदला, ६८ हजार. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एकाकडं जुनं काढलेलं कार्ड आहे, ९,५०० सांगतोय. साहेब म्हणतात चालतंय ना, मग खर्च कशाला.

तर बदलू का? आणि कार्ड काढलं तर रेडचा (एकत्र बांधलेल्या डिस्कवरचा) डेटा, टॅलीचं लायसन असल्या गोष्टींना काय होईल का? लई टेन्शन आलंय.

लाईट_गेली
आधी एक कर. सर्व्हर नीट शटडाऊन कर आणि दोन्ही पॉवर केबल मागून उपसून काढ. बटण दाबून बंद केलं म्हणजे बीएमसी बंद होत नाही, ते स्टँडबाय करंटवर चालूच असतं, केबल लागलेली आहे तोवर. केबल काढून पुढचं पॉवर बटण वीस सेकंद दाबून ठेव आणि मग पाच-दहा मिनिटं चहा पिऊन ये. मेलंय म्हणून लोकांनी कार्ड मागवलेलं आणि नुसती केबल काढल्यावर जिवंत झालेलं मी स्वतः तीन वेळा बघितलंय.

इचलकरंजी_आयटी
केलं भाऊ, कालच रात्री पाळी बदलताना केलं. केबल काढून अर्धा तास ठेवला. आत कापसाचं तूस एवढं होतं की ब्लोअरनं काढल्यावर उशी भरली असती. मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी पण नवीन टाकली. फरक शून्य.

ऑरेंज_सिटी
अरे राजा मग चालू दे ना तसंच. व्हीएम चालून राहिले, काम होऊन राहिलं, ते कार्ड नसलं तर काय बिघडते. आमच्याकडे एक मशीन दोन वर्षं बिना मॅनेजमेंटचं चालून राहिलं, कोणालाच पत्ता नाही.

ठाणे_लोकल
ऑरेंज_सिटी, तुमचं मशीन वेगळं असेल हो. यांचे फॅन फुल स्पीडला आहेत, म्हणजे फॅनचा ताबा बीएमसीकडे होता आणि आता कोणी सांगणारं नाही म्हणून ते सेफ्टीसाठी शंभर टक्क्यांवर गेलेत. असे वर्षभर फिरले तर आधी बेअरिंग जाणार. आणि पॉवर सप्लाय फेल झाला, टेम्परेचर वाढलं, मेमरीचा एरर आला, यातलं काहीच लॉगमध्ये पडणार नाही. एकटा माणूस आहे म्हणतोय, रात्री दोनला हँग झालं तर घरून रिसेट मारायची सोयच गेली ना. साहेबांना हे असं सांगा, खर्च कशाला हा प्रश्न ते परत विचारणार नाहीत.

स्क्रू_हरवला
चौदा वर्षं फील्डला आहे, पुणे-नगर-सोलापूर पट्ट्यात असली कार्डं बरीच बदललीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, रेडचं टेन्शन सोड. डिस्क रेड कार्डवर आहेत, बीएमसीचा त्यांच्याशी संबंध फक्त दिवे लावण्यापुरता आणि तब्येत विचारण्यापुरता. टॅली व्हीएममध्ये आहे, त्या विंडोजला होस्टचं बीएमसी दिसतच नाही, त्याला जे हार्डवेअर दिसतं ते प्रॉक्समॉक्सनं बनवून दिलेलं. थेट लोखंडावर विंडोज टाकून वर कुठलं मशीनला बांधलेलं सॉफ्टवेअर असतं तर मी म्हटलं असतं थांब, कारण काही मॉडेलमध्ये कार्ड बदललं की सिस्टिमचा यूयूआयडी (मशीनचा ओळख नंबर) बदलतो. तुझं तसं नाही. तरी बॅकअप घे, आणि तो दुसऱ्या डिस्कवर घे, त्याच मशीनवर नको, हसू नकोस, असे लोक भेटतात.

दुसरी गोष्ट, तू म्हणतोस डिस्प्ले येतो. हे महत्त्वाचं आहे. या कार्डावर जी चिप असते (एएसटी२४०० किंवा २५०० असं वर लिहिलेलं असेल बघ) तिच्यातच व्हीजीए पण असतं. म्हणजे चिपच्या पोटात एक एआरएमचा छोटा प्रोसेसर, तो स्वतःचा वेगळा लिनक्स चालवतो, आणि बाजूला व्हीजीएचा भाग. डिस्प्ले येतोय म्हणजे कार्डाला पॉवर आहे, कनेक्टर बसलाय, चिप पूर्ण जळालेली नाही. मग बहुतेक वेळा गडबड असते ती फर्मवेअर (कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) ज्या फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये ठेवलंय तिथं. लिहिता लिहिता लाईट गेली की अर्धवट राहतं. डिस्प्लेच नसता तर मी सरळ म्हटलं असतं कार्ड बदल.

कार्डावर तीन किंवा चार पिनांचं एक छोटं हेडर असेल, बीएमसीचा सीरियल पोर्ट. यूएसबी टू टीटीएल केबल मिळते दोनतीनशेला, ३.३ व्होल्टची घे, ५ व्होल्टची लावलीस तर आहे ते पण जाईल. ग्राउंड, टीएक्स, आरएक्स तीनच वायर जोडायच्या, व्हीसीसीची वायर मोकळी सोडायची. स्पीड १,१५,२०० ठेव आणि केबल लावताक्षणी काय येतं ते इथं टाक. यू-बूट (फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) दिसलं आणि बॅड डेटा सीआरसी, म्हणजे फर्मवेअर खराब आहे, असं म्हणालं तर चान्स आहे. काहीच आलं नाही तर फ्लॅश पूर्ण गेली समज.

आणि हो, हे चालू मशीनवर काढायचं-घालायचं कार्ड नव्हे. डिस्क, फॅन, पॉवर सप्लाय काढतोस तसं हे काढायला गेलास तर मदरबोर्ड पण घालवशील. दोन्ही केबल बाहेर, बोर्डावरचा स्टँडबायचा हिरवा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबायचं, मगच हात. रिस्ट स्ट्रॅप लाव. गिरणीत धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवता ते ठीक, पण सर्व्हर रूममध्ये एसी आहे, तिथली हवा कोरडीच असणार.

इचलकरंजी_आयटी
दादा तुम्ही देवमाणूस आहात. केबल कोल्हापुरातून आणली. यू-बूट येतंय! खाली व्हेरिफाइंग चेकसम आणि बॅड डेटा सीआरसी असंच येतंय अगदी, मग परत रिसेट, परत तेच, गोल गोल फिरतंय.

स्क्रू_हरवला
मस्त. आता लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाईल द्यायचा साधा प्रोग्राम) टाक, मॅनेजमेंट पोर्टला लॅपटॉप थेट जोड, यू-बूटमध्ये एन्टर दाबून थांबव, आयपी दे, फर्मवेअरची फाईल मेमरीत ओढ आणि फ्लॅशमध्ये लिही. फाईल तुझ्याच मॉडेलची, आणि आधी जे व्हर्जन होतं शक्यतो तेच. लिहायच्या आधी पत्ता दहादा तपास, यू-बूट स्वतः फ्लॅशच्या सुरुवातीला असतं, त्याच्यावरच लिहिलंस तर मग फ्लॅश चिपला क्लिप लावून बाहेरच्या प्रोग्रामरनं लिहीत बसावं लागेल.

ऑरेंज_सिटी
क्लिपचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हे माझं क्षेत्र. ते काळं स्वस्तातलं प्रोग्रामर मिळते ना, सीएच३४१ए वालं, ते जसंच्या तसं लावू नका. पॉवरची पिन ३.३ देते पण डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट सोडते. मी एक चिप अशीच घालवली आहे. एक तर त्यात बदल केलेलं घ्या नाही तर दुसरं घ्या. आणि रीड केलं की दोनदा रीड करा, दोन्ही फाईल सारख्या आहेत का पाहा, क्लिप हलली की कचरा वाचल्या जाते आणि माणूस तोच कचरा बॅकअप म्हणून जपून ठेवते.

इचलकरंजी_आयटी
अपडेट. वाईट बातमी. टीएफटीपीनं फाईल आली, पण इरेज करताना मध्येच एका ब्लॉकला एरर देतंय. चार वेळा केलं, दर वेळी त्याच जागी. वाचायला गेलं तर तिथं दर वेळी वेगळंच काहीतरी येतंय.

स्क्रू_हरवला
मग चिप गेलीच. सात-आठ वर्षं सेन्सरचे लॉग त्याच फ्लॅशमध्ये लिहीत बसलं असेल, झिजते ती, इरेजची मोजदाद ठरलेली असते. नुसती फ्लॅश चिप बदलता येते, हॉट एअर असलेला मोबाईल रिपेअरवाला अर्ध्या तासात करेल, पण फर्मवेअर, मॅक ॲड्रेस सगळं परत भरायचं. प्रॉडक्शन मशीन आहे, तू कार्डच घे. पूर्ण मदरबोर्डचं ६८ हजार देऊ नकोस, वेगळं कार्ड असताना मदरबोर्ड का बदलायचा हे त्या माणसाला विचार एकदा माझ्याकडून.

कार्ड घेताना नुसतं मॉडेलचं नाव बघू नको, स्टिकरवरचा पार्ट नंबर बघ, शेवटच्या रिव्हिजनच्या अक्षरासकट. फोटो मागव, दोन्ही बाजूंचा, कनेक्टरच्या पिना जवळून.

आणि कार्ड बसवणं हे वीस मिनिटांचं काम आहे, त्याचं कौतुक नाही. त्यानंतर त्या कार्डाला तू कुठल्या मशीनमध्ये आहेस हे समजावून सांगायला संध्याकाळ जाते. ते दुसऱ्याच्या घरातून आलंय, त्याच्या डोक्यात जुनं घर आहे.

ठाणे_लोकल
याच्यावर माझं एक. सेकंडहँड बीएमसी कार्ड म्हणजे कुणाच्या तरी सर्व्हरचा मालक राहिलेला छोटा कॉम्प्युटर आहे. मशीन बंद असताना पण तो चालू असतो, कीबोर्ड-मॉनिटर त्याच्या हातात, बाहेरून आयएसओ (डिस्कची इमेज फाईल) लावून बूट करू शकतो. त्यामुळे कार्ड लागल्या लागल्या नेटवर्कला जोडू नका. आधी लॅपटॉप थेट लावून फॅक्टरी रिसेट, मग कंपनीच्या साइटवरून उतरवलेलं फर्मवेअर पूर्ण नव्यानं, सेटिंग जपून ठेवू का असं विचारेल तिथं नाही म्हणायचं. मग युजर लिस्ट उघडून बघायची. मला एकदा अशा कार्डात आधीच्या कंपनीच्या एलडॅपचा (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता आणि अलर्टसाठी त्यांचा ईमेल तसाच मिळालाय, आमच्या सर्व्हरची तब्येत त्यांना कळली असती!

पासवर्डचा एक घोळ होऊ शकतो. पूर्वी सगळ्यांचा डिफॉल्ट पासवर्ड सारखाच असायचा, पण कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून कायदा आला की नेटला जोडायच्या प्रत्येक वस्तूचा डिफॉल्ट पासवर्ड वेगळा हवा, नाहीतर पहिल्यांदा वापरतानाच नवा लावायला लागला पाहिजे, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या प्रत्येक बोर्डाचा वेगळा पासवर्ड छापून स्टिकर लावतात. नवं फर्मवेअर टाकल्यावर रिसेट केलं तर कुठला पासवर्ड परत येतो हे मॉडेलवर आहे. कार्ड आत बसवायच्या आधी स्टिकरचा फोटो काढून ठेवा, नंतर झाकण लावल्यावर आठवण येते. काहीच चाललं नाही तर लिनक्समधून आयपीएमआयटूल यूजर सेट पासवर्ड चालतं, मशीनवर रूट असेल तर जुना पासवर्ड विचारत नाही.

आणि हा मॅनेजमेंटचा पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) ठेवा, गिरणीच्या सगळ्या पीसींना दिसेल असा नको. बीएमसीशी बोलायची जी पद्धत, आयपीएमआय २.०, ती २००४ ची आहे आणि त्यात डिझाईनमध्येच अशी खोट आहे की लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच सर्व्हर पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधून काढता येतो असा आकडा) समोरच्याला देऊन टाकतो. पॅच नाही त्याला, कारण स्पेकच तसं आहे. ते नेटवर्कवर पोर्ट ६२३ यूडीपीवर चालतं. रेडफिश (आयपीएमआयच्या जागी आलेली नवी पद्धत) चालत असेल तर ते वापरा आणि लॅनवरचं आयपीएमआय बंद करून टाका.

लाईट_गेली
ताई तुम्ही घाबरवताय त्याला 😀

ठाणे_लोकल
घाबरू दे की, फुकटात आहे.

इचलकरंजी_आयटी
मंडळी, रविवारी केलं. जसं घडलं तसं सांगतो.

कार्ड मुंबईहून शुक्रवारी आलं, बबल रॅपमध्ये, अँटीस्टॅटिक पिशवी वगैरे काही नाही, तिथंच छातीत धस्स झालं. रविवारी दुपारी मशीन बंद केलं, बॅकअप आधीच बाहेरच्या डिस्कवर. जुनं कार्ड काढलं, दोन स्क्रू, त्यातला एक खाली मदरबोर्डावर पडला (स्क्रू_हरवला, तुमची आठवण आली) आणि तो शोधण्यात पंचवीस मिनिटं. नवीन बसवलं. केबल लावली, पोर्टचा दिवा लागला, दीड मिनिटानं हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

मग चालू केलं तर बूट एकदम झटपट, ती पाच मिनिटं गेली, पण फॅन? फॅन फुल स्पीडला! म्हटलं झालं, ९,५०० पाण्यात.

आयपीएमआयटूल आता चालत होतं म्हणून सेन्सरची लिस्ट काढली तर फॅन एक ते सहा ठीक, फॅन सात आणि आठ फेल. आता माझ्या मशीनला फॅनच सहा आहेत. तासभर डोकं खाजवलं, मग ट्यूब पेटली. पार्ट नंबर तंतोतंत तोच होता, पण हे कार्ड वन-यू मॉडेलमधून काढलेलं, त्याला आठ छोटे फॅन असतात. कार्ड बिचारं सात-आठ नंबरचे फॅन शोधत होतं आणि मिळत नाहीत म्हणून उरलेल्यांना पळवत होतं. दादा म्हणाले होते ना डोक्यात जुनं घर आहे, शब्दशः तेच.

फर्मवेअर पूर्ण टाकलं, सेटिंग न जपता. तरी फॅनचं तसंच. मग कंपनीच्या साइटवर फर्मवेअरच्याच पॅकेजमध्ये एफआरयू (मशीनची ओळख, सीरियल नंबर वगैरे) आणि एसडीआर (सेन्सर आणि फॅनची यादी) अपडेटची वेगळी युटिलिटी मिळाली, ती पेनड्राइव्हवरून यूईएफआय शेलमध्ये (ओएस सुरू व्हायच्या आधीची कमांडची स्क्रीन) चालवायची. तिनं विचारलं चेसिस कुठलं, टू-यू सांगितलं, फॅन किती, पॉवर सप्लाय किती. संपल्यावर रिस्टार्ट. आणि मग ते फॅन हळूहळू खाली आले ना, आवाज उतरत उतरत गेला, पहिल्यांदा मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली त्या खोलीत.

सीरियल नंबर गेला असेल असं धरून चाललो होतो, कागदावर लिहून पण ठेवला होता, पण एफआरयू प्रिंट केलं तर बरोबर आमचाच नंबर. म्हणजे तो मदरबोर्डवरच्या कुठल्यातरी छोट्या मेमरीत आहे वाटतं, कार्डात नाही. मॅक ॲड्रेस (लॅन पोर्टचा ओळख नंबर) मात्र नवीन आला, त्यामुळे राउटरमधलं आयपीचं रिझर्व्हेशन बदलावं लागलं, त्यात अर्धा तास उगाच गेला कारण मी जुन्याच आयपीला पिंग करत बसलो होतो.

युजर लिस्ट बघितली ताई. ॲडमिनशिवाय अजून दोन होते रिसेटच्या आधी, एकाचं नाव बॅकअप२. उडवले. व्हीलॅन या आठवड्यात करतो, स्विच मॅनेज्ड आहे पण त्याचा पासवर्ड आधीच्या माणसाबरोबर गेला.

साहेबांनी सोमवारी येऊन विचारलं आवाज कमी कसा झाला, सर्व्हर बंद पडला का.

स्क्रू_हरवला
हाहाहा, तो शेवटचा प्रश्न प्रत्येक साइटवर येतो.

एसडीआरचं तू स्वतः शोधलंस, शाब्बास. मी सांगायला विसरलो ते, खरं तर पहिल्यांदा तेच सांगायला हवं होतं. सीरियल कुठं राहतो ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, काहींचं कार्डातच असतं आणि मग हातानं भरावं लागतं, तुझं नशीब चांगलं. आता एकच कर, सगळं सेटिंग एकदा एक्सपोर्ट करून फाईल मशीनच्या बाहेर ठेव, आणि इव्हेंट लॉग क्लिअर कर, नायतर त्या फॅन सात-आठच्या नोंदी बघून पुढचा माणूस फॅन मागवत बसेल. बीएमसीचं घड्याळ पण बघ, बॅटरी बदललीस ना, १९७० दाखवत असेल तर लॉगच्या तारखांना अर्थ राहत नाही.

इचलकरंजी_आयटी
घड्याळ खरंच १९७० चं होतं 🙈 लावलं, एनटीपी (नेटवर्कवरून वेळ आपोआप जुळवायची सोय) पण दिलं.

ऑरेंज_सिटी
मी चूक बोललो होतो, चालू दे म्हणालो होतो, परत घेतो. पण ते जुनं कार्ड फेकू नको बे. माझ्याकडे ३२ एमबीच्या नव्या फ्लॅश चिपा पडल्या आहेत, बदलून पाहतो, झालं तर तुला स्पेअर म्हणून परत पाठवतो, नाही झालं तर माझ्या शिकण्याच्या खात्यात.

इचलकरंजी_आयटी
ड्रॉवरमध्येच आहे, आणि आता अँटीस्टॅटिक पिशवीत आहे, माझी स्वतःची. मेसेजमध्ये पत्ता टाका, उद्या कुरिअर करतो. स्क्रू पण पाठवू का, एक जास्तीचा निघालाय आणि तो कुठला ते काय कळंना.

स्क्रू_हरवला
थांब. तो कुठला ते आधी शोध. झाकण उघड परत.